इरुंबाचे शहाण्णव टक्के

नान्सिओच्या बाजारात वेनेरांडा कोण म्हणून विचारलं, तर चार माणसं चार दिशांना बोटं दाखवतील. पण 'न्यांजुराची आई' म्हटलं, की संत्री विकणाऱ्या बायका हातातलं काम टाकून सांगतील, "ती होय, काठीवाली! मिशनच्या शाळेमागे तिसरं घर." पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं, तसं तिचंही पडलं होतं. विहिरीवर, चर्चमध्ये, सरकारी दवाखान्यात, जिथं जाईल तिथं न्यांजुराची आई. दिवसातून वीस वेळा ते नाव तिच्या कानावर पडायचं आणि वीस वेळा ती "ओ" द्यायची.

न्यांजुराला मात्र नान्सिओत कुणीच पाहिलेलं नव्हतं.

वेनेरांडा एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मोठ्या तळ्यातल्या इरुंबा बेटावर गेली. नवरा बुइरे, मासेमारी करणारा. उंच, बोलघेवडा, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जाळी धुणं हा ज्याचा अर्धा जन्म. पोर चालायला लागली तसा तिलाही खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायचा. तिसाव्या वर्षी त्याचं पोट दिसायला लागलं. किनाऱ्यावरची माणसं चेष्टा करायची, "काय बुइरे, कितवा महिना?" तोही पोटावर हात फिरवून म्हणायचा, "मुलगा झाला तर तुझं नाव ठेवतो, मग पोसायचा तू." सगळे हसायचे. वेनेरांडासुद्धा.

मग एका वर्षी किचोचोच्या गोळ्या घेऊन सरकारी माणसं बेटावर आली. तळ्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा किडा मारायची गोळी, पांढरी, बोटाच्या पेरापेक्षा मोठी, कडू. काठीला टेकवून उंची मोजायची आणि त्या मापानं गोळ्या द्यायच्या. बुइरेच्या वाट्याला चार आल्या. त्यानं त्या खिशात टाकल्या आणि घरी आला. वेनेरांडानंच त्या बाहेर काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. "घे बघू. लहान पोरासारखं तोंड करू नकोस. माझ्यासमोर गीळ."

बायकोच्या शब्दाखातर त्यानं गिळल्या. दिवसभर चक्कर आली म्हणून पडून राहिला. तीन आठवड्यांनी सकाळी जाळं सांधता सांधता त्याला रक्ताची उलटी झाली. होडी नान्सिओला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिला बाकावर बसवून समजावलं. किड्याची अंडी यकृतात साठत जातात, यकृत दगडासारखं होतं, ते दहा वर्षांचं दुखणं होतं; गोळ्यांनी माणूस गेला नाही, गोळ्या फार उशिरा आल्या. वेनेरांडाला ते पटलं. पण इरुंबावर ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. मयताचा चाळिसावा दिवस झाला तसा थोरला दीर, मालिमा, अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला, "ज्या हातानं त्याला ते विष दिलंस, त्या हातानं माझ्या घरची चूल पेटवायची नाही. पोर आमच्या घराची आहे, ती राहील. तू नीघ."

पोर बापाच्या घराची असते, याला कुणाचा इलाज नव्हता. वेनेरांडा निघाली तेव्हा पाच वर्षांची न्यांजुरा वाळूवर पसरलेल्या बारीक डागा मासळीवरचे बगळे हाकत होती. आई बाजारालाच चाललीय असं समजून तिनं हातातली काटकी हलवली.

सहा महिन्यांनी वेनेरांडा आपल्या भावाला घेऊन परत गेली. मालिमा आणि आणखी पाच-सात जण धक्क्यावरच उभे होते. त्यांनी होडीचा दोर खुंटीला बांधूच दिला नाही. दोन वेळा भावानं दोर फेकला, दोन वेळा त्यांनी तो पाण्यात टाकला.

तिसऱ्यांदा ती गेली नाही.

नान्सिओत तिनं कसावा लावला, संत्र्याची सात झाडं सांभाळली, आणि दवाखान्यातून गावागावांत गोळ्या वाटायला माणसं हवीत असं कळल्यावर नाव दिलं. भाऊ चिडला होता. "ज्या गोळ्यांनी तुझं घर मोडलं, त्याच वाटत फिरणार?" ती म्हणाली, "घर उशिरानं मोडलं, दादा. गोळ्यांनी नाही."

तीन वर्षं वाटप केलं. मग वाटप खरंच झालं का हे तपासायचा सर्व्हे सुरू झाला तेव्हा दवाखान्यानं तिला त्यात घेतलं, कारण तिचं अक्षर चांगलं होतं आणि ती कुत्र्यांना भीत नव्हती. दरवर्षी वाटप संपलं, की सगळ्या जिल्ह्यातून तीस गावं मोठ्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर लॉटरीनं निघायची. त्या गावांत जाऊन ठरावीक घरं गाठायची, गोळी दाखवायची आणि विचारायचं: ही तुम्हाला मिळाली का? तुम्ही गिळली का? वाटणाऱ्याच्या रजिस्टरात खूण आहे, पण ती पोटात गेली का, एवढाच प्रश्न.

हे काम तिच्या अंगात भिनलं. एकदा एका सोबतिणीला तिनं आंब्याखाली बसून मनानंच फॉर्म भरताना पकडलं. उन्हात तीन मैल चालत तिला परत नेलं आणि घरोघर फिरवलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "न्यांजुराची आई, काय फरक पडतो हो? आकडा तोच येणार." वेनेरांडा म्हणाली, "कागदाला किचोचो होत नाही, बाई. माणसाला होतो. चल, पुढचं घर."

उंची मोजायची काठी तिच्या खांद्यावर असायची. आठ वर्षांची एखादी पोर काठीला टेकली, की दोन गोळ्यांच्या खुणेवर तिची नजर जरा जास्त थांबायची. दोन वर्षांनी ती दहा वर्षांच्या पोरींपाशी रेंगाळायला लागली. मग बारा. मग चौदा. कुणाला कळण्यासारखं नव्हतं. ती फक्त विचारायची, "वय किती म्हणालीस?" आणि पोरगी पळून गेल्यावरही काठी तशीच धरून क्षणभर उभी राहायची.

जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत भिंतीवर एक मोठा तक्ता लागायचा. प्रत्येक गाव आणि त्यापुढे शेकडा किती जणांनी गोळ्या घेतल्या तो आकडा. वाटप झालं, की वेनेरांडा काही ना काही काम काढून तिथं जायची आणि बोट लावून ओळ शोधायची. इरुंबा, शहाण्णव. पुढच्या वर्षी सत्त्याण्णव. मग पुन्हा शहाण्णव. दुसऱ्या कुणाकडून पोरीची खुशाली यायची सोय नव्हती. हाच तिला वर्षाकाठी येणारा निरोप होता. शंभरातले चार सुटले, पण त्या चारांत माझी न्यांजुरा कशाला असेल? म्हातारे असतील, आजारी असतील. त्या दिवशी ती घरी येताना साखर घ्यायची आणि चहा गोड करून प्यायची.

सर्व्हेच्या यादीत इरुंबा यावं म्हणून ती दर वर्षी जीव मुठीत धरून बसायची. माणूस म्हणून तिला त्या बेटावर पाय ठेवता येत नव्हता, पण सरकारचं काम घेऊन गेलं तर दोर कोण सोडणार? आठ वर्षं यादी वाचली गेली. एकदा इरुंबाच्या अलीकडचं बेट आलं. एकदा पलीकडचं. त्या वेळी होडी इरुंबाला वळसा घालून गेली, आणि वेनेरांडानं किनाऱ्यावर वाळवण घालणाऱ्या बायका पाहिल्या. एवढ्या लांबून सगळ्याच सारख्या दिसत होत्या.

नवव्या वर्षी देउसनं यादी वाचली. देउस हा मुकदम. म्वांझा शहरातून आलेला, तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. हाताखाली आला तेव्हा तिनंच त्याला घरं मोजायला शिकवलं होतं, आता तो तिच्यावर होता आणि तरी तिला "अहो"च म्हणायचा.

"सतरा, इरुंबा," त्यानं वाचलं, आणि पुढे गेला. तीस गावं झाल्यावर नेहमीचा प्रश्न विचारला, "यातल्या कुठल्या गावात कुणाचे सगेसोयरे आहेत का? असले तर आत्ताच सांगा. आपल्या माणसांचा सर्व्हे आपण करायचा नाही."

दोघा-तिघांनी हात वर केले. वेनेरांडाचा हात मांडीवरच राहिला. मनात ती म्हणाली, इरुंबा कुठं माझं? त्यांनीच सांगितलंय की माझं नाही. पण हे खरं नाही हेही तिला त्याच वेळी कळत होतं.

"बेटं तुम्ही घ्याल ना, न्यांजुराची आई? तुम्हाला होडीत मळमळत नाही."

"घेते," ती म्हणाली.

इरुंबाच्या धक्क्याला होडी लागली तेव्हा ऊन वर आलं होतं. अमावास्येचे दिवस, रात्रभर कंदील लावून मासे धरलेले पुरुष घराघरांतून घोरत पडले होते आणि किनाऱ्यावर फक्त बायका होत्या. वेनेरांडाच्या अंगात सरकारी जाकीट होतं, डोक्यावर टोपी होती, आणि मध्ये बारा वर्षं गेली होती. कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

गोळ्या वाटणारा मासातू रजिस्टर काखेत मारून सामोरा आला. तो तिच्या पाठीमागं या बेटावर राहायला आलेला. "या, या! चहा घ्या आधी. आमच्या गावात तपासायचं काय, बाई? आमचा आकडा माहितीये ना? शहाण्णव!"

"माहितीये," वेनेरांडा म्हणाली.

देउसनं गावाचे चार भाग करून चार चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि गावच्या प्रमुखाकडून एक उचलवली. मोठ्या खडकाकडचा भाग निघाला.  बुइरेचं घर त्याच बाजूला होतं.

पहिल्या घरापासून दर तिसरं घर घ्यायचं. देउस एका रांगेला गेला, ती दुसऱ्या. एक, दोन, तीन. घर झालं. एक, दोन... समोर मालिमाचं अंगण आलं. तोच खडक, तेच कुंपण, फक्त छपराला गवताऐवजी पत्रा. मोजणीत ते दुसरं येत होतं. अलीकडची एक चूलखोली वेगळी धरली, तर तिसरं आलं असतं. कोण बघत होतं? देउस पन्नास पावलांवर पाठमोरा होता. पण नव्या पोरींना दर वर्षी पहिला धडा तीच द्यायची: चूलखोली म्हणजे घर नव्हे. ती कुंपणाला हात लावून थोडी थांबली. आतून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येत होता. मग ती पुढे झाली आणि शेजारच्या अंगणात शिरली.

तिथं बुइरेची आत्या, म्हातारी पास्काझिया, दारात बसून कसावा सोलत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. वेनेरांडानं वाकून "शिकामो, आजी" म्हणून अदब केली. म्हातारीचा सुरीचा हात थांबला.

"मरहाबा," ती सावकाश म्हणाली. "बस. आवाज ओळखीचा वाटतो."

वेनेरांडानं मोबाईल उघडला आणि फॉर्मचा पहिला प्रश्न वाचला. "काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?"

"मी. आणि माझी नात."

"नात इथं राहते?"

"पोर मोठी झाली, की आजीपाशी झोपते. एवढं तुला कुणी शिकवलं नाही का?" म्हातारीनं पांढुरके डोळे तिच्यावर रोखले. "माझ्यातलं खाते, माझ्यापाशी झोपते. तुझ्या कागदात बसत असेल तर लिही. नसेल बसत तर नको."

बसत होतं. एका चुलीवर जेवणारा आणि काल त्या छपराखाली झोपलेला, तो त्या घरचा. नियमच तसा होता.

"न्यांजुरा!" म्हातारीनं कुंपणापलीकडे हाक मारली.

ओल्या डागा मासळीचं घमेलं डोक्यावर घेऊन एक उंच मुलगी आली. कपाळ बुइरेचं. चालणंही त्याचंच, उजवा खांदा थोडा पुढे काढून. तिनं घमेलं उतरवलं, हात कमरेला गुंडाळलेल्या खांग्याला पुसले आणि गुडघे जरासे लववून म्हणाली, "शिकामो."

"मरहाबा." वेनेरांडानं मोबाईलवर पुढची रकान उघडली. "वय?"

"सतरा."

"शाळा?"

"सातवी झाली. आता हेच," तिनं घमेल्याकडे हनुवटी उडवली. "तुम्ही त्या गोळ्यावाल्या का?"

"गोळ्या देत नाही. विचारायला आलेय. आधी इकडे ये, उंची घेऊ."

मुलगी काठीला पाठ लावून उभी राहिली. वेनेरांडानं तळहातानं तिचे केस दाबले, माप नीट दिसावं म्हणून. ते करावंच लागतं. केस उन्हानं तापले होते, मासळीचा वास येत होता. तीन गोळ्यांची खूण. तिनं हात काढला, मग पुन्हा एकदा ठेवला.

"चुकलं का?" मुलगी हसली.

"नाही. खात्री केली."

तिनं गोळी दाखवली. "ही या वर्षी तुला मिळाली का?"

"नाही."

रजिस्टरात न्यांजुराच्या नावापुढे खूण होती. मासातूनं सकाळीच रजिस्टर उघडून दाखवलं होतं. वेनेरांडानं ती ओळ चोरून वाचली होती.

"गेल्या वर्षी?"

"कधीच नाही. आमच्या घरात कुणी घेत नाही. मासातूकाका दारात आला, की मोठे काका त्याला हाकलतात. तो बिचारा झाडाखाली बसून काहीतरी लिहितो आणि जातो."

वेनेरांडाच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचा तक्ता आला. शहाण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. बारा वर्षं पोर त्याच पाण्यात उभी होती.

"का घेत नाही?" तिनं विचारलं. फॉर्मवर तो पुढचा प्रश्न होता. खाली उत्तरं लिहिलेली होती: घरी नव्हते, भीती वाटली, आजारी होते, इतर.

"माझ्या आईनं बाबांना त्या गोळ्या दिल्या," मुलगी इतक्या सहज म्हणाली, की घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला शंभरदा सांगून झालं असावं, "आणि बाबा मेले. मग ती पळून गेली."

पास्काझियाची सुरी पुन्हा थांबली. वेनेरांडानं 'इतर' वर बोट दाबलं. तिथं कारण लिहायला जागा असते. अक्षरं दिसेनात.

"लिहा ना," मुलगी म्हणाली. "लांबलचक आहे का?"

"लिहिते." तिनं लिहिलं: वडिलांचा मृत्यू गोळीमुळे झाला असा घरच्यांचा समज. मग मोबाईल मांडीवर पालथा ठेवून तिनं फॉर्मवर नसलेला प्रश्न विचारला. "पोटात दुखतं का ग?"

"इथं, डाव्या बाजूला. सगळ्यांनाच दुखतं."

"आणि परसाकडं रक्त पडतं?"

मुलीनं मान खाली घातली. "कधी कधी." मग जराशानं, "तुम्ही घेता त्या गोळ्या?"

"दर वर्षी. आधी पोटभर उगाली खाते. मग घेते. चक्कर येते, अर्धा दिवस पडून राहते. संध्याकाळी उठून कामाला लागते."

"आणि काही होत नाही?"

"मी बसलेय ना तुझ्यासमोर."

मुलगी काही तरी आणखी विचारणार होती. तेवढ्यात कुंपणावरून देउसचा आवाज आला, चांगला खणखणीत, "अहो न्यांजुराची आई! झालं की नाही? चार घरं राहिलीत अजून!"

 मुलगी देउसकडे बघायला वळली, मग वेनेरांडाकडे. "तुमच्या मुलीचं नावपण न्यांजुरा?"

"हो."

"कुठं असते ती?"

 म्हातारीच म्हणाली, "आता विचारतेस कशाला, पोरी? कपाळ आमच्याकडचं घेतलंस, पण तोंड बघ तिचं आणि तुझं."

न्यांजुरानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "होडी तर आठवड्यातून दोनदा येते. बुधवारी आणि शनिवारी."

 पाण्यात टाकलेले दोर वेनेरांडाला आठवले, पण ते दोनच होते, आणि वर्षं बारा होती.

मुलीनं घमेलं उचललं आणि ती किनाऱ्याकडे निघून गेली.

उरलेली चार घरं वेनेरांडानं केली. धक्क्यावर येऊन होडीच्या काठावर बसली आणि देउसला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता उभाच राहिला.

"तुम्ही? अहो, तुम्ही मला शिकवलंत! मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देतो. आता मी काय करू, सांगा."

"नियमात आहे तेच कर."

"मग आजचं सगळं रद्द होईल. आणि तुमचं कामही जाईल."

"माहितीये. पण दुसरं कुणी तरी लवकर पाठव, देउस. इथला आकडा खोटा आहे. नुसता थोडा नाही, फार खोटा आहे."

दोन दिवसांनी दुसरी बाई आली आणि तिनं सगळा भाग नव्यानं केला. शंभरात एकेचाळीस. मासातूला बोलावलं तेव्हा तो काही न लपवता म्हणाला, "दर वर्षी शिव्या खायचा कंटाळा आला, साहेब. ज्यांनी दार लावलं त्यांच्यापुढेही खूण केली." इरुंबावर दोन महिन्यांनी पुन्हा वाटप करायचं ठरलं. वेनेरांडाला दोन वर्षांसाठी सर्व्हेतून काढलं. तिनं काठी, जाकीट आणि टोपी कचेरीत जमा केली.

आणि बुधवारी होडीत बसली.

चांदणं भरात आलं होतं, रात्रीची मासेमारी बंद होती, त्यामुळे पुरुष दिवसा जागे होते. धक्क्यावर मालिमा होता. बारा वर्षांत तो वाळला होता, आणि वाळलेल्या अंगावर पोट तेवढं टरटरून पुढे आलं होतं. वेनेरांडानं ते पाहिलं, आणि तिनं ते पाहिलं हे त्यानंही पाहिलं.

"आता काय घेऊन आलीस?"

"संत्री. आत्याबाईंना."

नावाड्यानं दोर फेकला. तो मालिमाच्या पायाशी पडला. तो दोराकडे बघत राहिला, मग पाठ वळवून चालू लागला. दुसऱ्या कुणी तरी दोर बांधला.

त्या बुधवारी न्यांजुरा तिच्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या बुधवारी संत्रं सोललं, अर्धं आजीला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. तिसऱ्या वेळी विचारलं, "खरंच तुम्ही दिल्या होत्या त्या गोळ्या?"

"दिल्या होत्या. माझ्या हातानं." मग वेनेरांडानं डॉक्टरनं सांगितलेलं सगळं सांगितलं: अंडी, यकृत, दहा वर्षं. "आत्ताही देईन. फक्त दहा वर्षं आधी देईन."

मुलगी उठून कामाला गेली. पण वाटपाच्या दिवशी सकाळी ती आजीच्या चुलीपाशी बसून पोट फुटेस्तोवर उगाली जेवली, रांगेत जाऊन उभी राहिली आणि तीन गोळ्या एकामागून एक गिळून तोंड वेडंवाकडं करत परत आली. त्या दिवशी त्या बाजूची अकरा घरं रांगेत होती. मालिमा नव्हता. त्यानं गोळ्या घेतल्याच नाहीत, आणि पुढचा उन्हाळा त्यानं पाहिला नाही.

दुपारी न्यांजुराला चक्कर आली. तिनं आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. वेनेरांडा दोन हात अंतरावर बसून खांग्याच्या पदरानं माश्या वारत राहिली. मांडी आपली असती तर, एवढं तिच्या मनात येऊन गेलं. होडीची वेळ झाली तशी ती उठली आणि गेली.

दोन वर्षं गेली. ती पुन्हा सर्व्हेत लागली; आता इरुंबाचं नाव यादीत आलं, तर पहिला हात तिचा वर जातो. मुलीचं पोट दुखायचं थांबलं होतं. ती आईशी बोलायची, पण "तुम्ही" म्हणूनच, आणि आई अशी हाक तिनं अजून मारली नव्हती. वेनेरांडानं मागितलीही नाही. मागून मिळण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

मग न्यांजुरानं शिवणकाम शिकायला म्वांझाला जायचं ठरवलं. इरुंबाची होडी नान्सिओला संध्याकाळी पोचायची आणि म्वांझाची मोठी बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटायची. मधला मुक्काम आईकडे. वेनेरांडानं चार दिवस आधीपासून अंगण झाडलं, चादर धुतली, वाळल्यावर पुन्हा धुतली. पोरगी आली, जेवली, आणि दमलेली होती म्हणून लगेच झोपली.

सकाळी पेज पिताना तिनं विचारलं, "बाबा कसे होते? तिकडे त्यांचं नाव कुणी काढत नाही."

वेनेरांडा बोलायला लागली. तो होडीत गाणी म्हणायचा आणि शब्द विसरला की स्वतःचे घालायचा. विंचवाला भ्यायचा, मगरीला नाही. न्यांजुरा जन्मली त्या दिवशी त्यानं सगळ्या किनाऱ्याला चहा पाजला होता. पेज गार झाली. मुलगी मध्ये मध्ये हसत होती, आणि हसताना बुइरेसारखीच तोंडावर हात धरत होती. हे सांगावं की नाही, असं वेनेरांडाला वाटलं, पण तेवढ्यात तिला दुसरं काही आठवलं आणि ते सांगण्यात हे मागे पडलं. बोटीचा भोंगा झाला. दोघी पळत सुटल्या, पेटी दोघींच्या मध्ये धरून. धक्क्यावर इतकी गर्दी होती, की नीट निरोपसुद्धा घेता आला नाही. वरच्या कठड्याशी मुलगी दिसली, मग एका पोत्याआड गेली, मग पुन्हा दिसली.

बोट पाण्यात बरीच आत गेली तेव्हा वेनेरांडाला आठवलं, की बुइरे डावखुरा होता. डाव्या हातानं जेवायचा, त्यावरून सासूबाई रोज त्याला बोलायच्या आणि तो उजव्या हातात घास घेऊन, त्या वळल्या की पुन्हा डाव्या हातात घ्यायचा. ते सांगायचं राहिलंच होतं.